काल यायला पाहिजे होतं

शिफ्ट संपत आली होती आणि मी एका ऑपरेटरच्या पट्ट्यावरचा पंप काढत होते, कामावर तो किती वाफ श्वासात घेतो हे मोजायला सकाळी लावलेला. कॉलरवर नळी धरून ठेवणारी क्लिप निघता निघत नव्हती, कारण दिवसभरात ती पडू नये म्हणून त्याने ती बॉयलर सूटच्या शिवणीत पार घुसवून ठेवली होती आणि घामाने ओलं झालेलं कापड तिच्यावर घट्ट बसलं होतं. शेवटी त्यानेच ती सोडवून दिली. मी नळीच्या दोन्ही टोकांना टोप्या लावल्या, वेळ लिहिली, सहीसाठी कागद पुढे केला. त्याने सही केली, पेन परत दिलं आणि अगदी सहज, तक्रारीचा सूर नाही की काही नाही, म्हणाला, "मॅडम, काल यायला पाहिजे होतं तुम्ही." मी विचारलं, काल काय होतं? "काल फिल्टर उघडला होता ना." आणि गेला हात धुवायला.

बास, एवढंच.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. तसं पाहिलं तर या कामात हे वाक्य नवीन नाही, कुठल्याही प्लांटवर गेलं की कुणीतरी हे म्हणतंच, कधी हसत, कधी टोमणा मारत. या माणसाने मात्र ते माझी मदत करावी अशा आवाजात म्हटलं होतं, जसं काही मी चुकीच्या गाडीत बसले होते आणि त्याला माझं वाईट वाटत होतं. फिल्टर उघडणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. आत सॉल्व्हंटने भिजलेला केक, म्हणजे गाळून उरलेला घट्ट गाळ, असतो, मॅनहोलमधून वाकून तो फावड्याने खरवडून ड्रममध्ये भरायचा, आणि खरवडताना प्रत्येक थर सुटला की अडकलेली वाफ तोंडावर येते. आम्ही ज्या दिवशी मोजलं त्या दिवशी त्या माणसाने सगळी शिफ्ट पॅनलजवळ आणि वरच्या मजल्यावरच्या व्हॉल्व्हपाशी घालवली होती. मोजलं ते खरंच होतं. त्या दिवसापुरतं खरं.

आता नळीबद्दल थोडं सांगते, कारण मला ती वस्तू मनापासून आवडते. करंगळीहून बारीक काचेची नळी, दोन्ही टोकं वितळवून बंद केलेली, आत नारळाच्या करवंटीचा कोळसा, काळाभोर, बारीक दाणेदार. पुढच्या भागात १०० मिलिग्रॅम, मागच्या भागात ५०, मध्ये फोमचा छोटा तुकडा. सकाळी शिफ्टच्या आधी तिची टोकं मोडायची, तेव्हा 'कट्' असा कोरडा आवाज येतो आणि काचेचा कण बोटात जाऊ नये म्हणून सगळेच जरा अंग चोरतात. मग रबरी ट्यूब, मग पट्ट्यावरचा पंप, आणि नळी कॉलरपाशी, नाकातोंडाच्या वीतभर अंतरात, कारण माणूस जी हवा श्वासात घेतो तीच मोजायची असते. वाफ कोळशाच्या पुढच्या भागात अडकते. तो भरला तर मागे झिरपते, म्हणून लॅबमध्ये दोन्ही भाग वेगळे तपासतात आणि मागच्या भागात पुढच्याच्या १० टक्क्यांहून जास्त सापडलं की समजायचं नळीला झेपलं नाही, खरा आकडा याहून मोठा आहे. मला ही व्यवस्था फार प्रामाणिक वाटते. आपल्याला किती कळलं नाही हे सांगायची सोय त्या इवल्याशा नळीत केलेली आहे.

पंपाचा फ्लो तपासायला हल्ली इलेक्ट्रॉनिक कॅलिब्रेटर असतात, बटण दाबलं की आकडा. मी शिकले ते साबणाच्या बुडबुड्यावर. उभी काचेची ब्युरेट, खाली साबणाचं पाणी, पंप लावला की एक पातळ पापुद्रा वर चढायला लागतो, त्यावर इंद्रधनुष्याचे रंग फिरत असतात, आणि आपण स्टॉपवॉच धरून एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत त्याच्याकडे डोळे लावून बसायचं. मध्येच फुटला की पुन्हा पहिल्यापासून. शिफ्टच्या आधी मोजायचा आणि नंतरही मोजायचा, दोन्हीत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर शक्यतो ते सॅम्पल बाद. शिवाय एक नळी नुसतीच उघडून, बंद करून, दिवसभर बरोबर फिरवून लॅबला पाठवायची, हवा न ओढता, म्हणजे प्रवासात किंवा आमच्या हाताळण्यात काही मिसळलं असेल तर पकडलं जावं. इतकी सगळी काळजी. आणि मग एक माणूस पेन परत देता देता सांगतो की दिवसच चुकीचा निवडलाय.

हिशोब करून बघितला तर गंमत वाटते. मिनिटाला १०० मिली या वेगाने ४८० मिनिटं पंप चालला तर नळीतून जाते ४८ लिटर हवा. आठ तासांच्या कामात माणसाच्या छातीत साधारण १०,००० लिटर हवा जाते असं धरतात. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही, आणि त्यावरून आम्ही बाकीच्याबद्दल बोलतो, तेही एका दिवसाच्या. तरी हे पूर्वीपेक्षा कितीतरी बरं. आधी पंप खोलीत एका स्टँडवर ठेवायचे आणि खोलीची हवा मोजायचे. ब्रिटनमध्ये हार्वेलच्या अणुऊर्जा संशोधन केंद्रात शेरवुड आणि त्याच्या सहकाऱ्याने अंगावर बाळगता येईल असा छोटा पंप बनवला आणि १९६० मध्ये त्यावर लेख छापला, तेव्हापासून मोजमाप हळूहळू भिंतीवरून माणसाच्या अंगावर आलं. अंगावरचा आकडा बहुतेक वेळा स्टँडवरच्यापेक्षा जास्त येतो. यायचाच. स्टँड काही झाकण उघडत नाही.

पण दिवस कोण ठरवतं? तर सगळे मिळून ठरवतात, फक्त ज्याच्या अंगावर पंप लागणार तो सोडून. पत्र जातं, तारीख ठरते, गेटपास बनतो, सेफ्टी ऑफिसरला वेळ असावा लागतो, लॅबला सॅम्पल अमुक दिवसाच्या आत पोचावी लागतात. शाळेत साहेब तपासणीला येणार असले की आदल्या दिवशी जशी सगळ्या वर्गांची झाडलोट होते, तसं इथेही होतं, आणि ते दर वेळी मुद्दाम लबाडीनेच होतं असंही नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर कुणाला घाणेरडं काम काढावंसं वाटत नाही, एवढाच साधा भाग असतो. फिल्टर आदल्या दिवशी रिकामा करून घेतला जातो. गळणारा सील बदलला जातो (चला, तेवढा तरी फायदा). एक्झॉस्टचा पंखा, जो एरवी आवाज फार करतो म्हणून बंद असतो, तो सकाळपासून चालू. मी एकदा रात्रपाळीला सॅम्पलिंग मागितलं तर सगळ्यांना इतकं आश्चर्य वाटलं की जणू रात्री वाफ झोपायला जाते. रात्री गेल्यावर कळलं की थंडी वाजते म्हणून शटर खाली ओढलेली असतात, म्हणजे दिवसा जी हवा आरपार वाहते ती रात्री आतल्या आत फिरत बसते. हे कुठल्याही ड्रॉइंगवर नव्हतं. आणि त्या पाळीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

त्यात आणखी सरासरीचा प्रकार. समजा एखाद्याने पंधरा मिनिटं चार्जिंग केलं, म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये रसायन भरलं, तेव्हा त्याच्या नाकापाशी २०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग वाफ) होतं, आणि उरलेल्या पावणेआठ तासांत ५. आठ तासांची सरासरी काढली तर येते ११. कागदावर ११ हा आकडा अतिशय सभ्य दिसतो. त्या माणसाच्या त्या पंधरा मिनिटांत डोळ्यांत पाणी आलं होतं, डोकं हलकं झालं होतं, जिना उतरताना त्याने कठडा धरला होता, हे ११ मध्ये कुठेच नाही. म्हणून तर आठ तासांच्या सरासरीच्या मर्यादेशिवाय पंधरा मिनिटांची वेगळी मर्यादा असते, आणि काही रसायनांना क्षणभरही ओलांडायची नाही अशी वरची रेघ असते. पण ती मोजायची तर नेमक्या त्या पंधरा मिनिटांची नळी वेगळी लावावी लागते, आणि ती पंधरा मिनिटं कधी येणार ते ऑपरेटरलाच विचारावं लागतं.

विचारण्यावरून रामाझ्झिनी आठवतो. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी, इटलीतल्या मोडेनाचा डॉक्टर, कामगारांच्या आजारांवरचं त्याचं पुस्तक १७०० मध्ये आलं. डॉक्टरने रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यात 'तू काम काय करतोस?' हा एक घाला, हे त्याचं म्हणणं प्रसिद्ध आहे. मला त्याची दुसरी गोष्ट जास्त आवडते. त्याच्या घराचा मैल्याचा हौद साफ करायला माणूस आला होता आणि तो जीव तोडून घाईघाईने काम करत होता. रामाझ्झिनीला दया आली, त्याने विचारलं की एवढी घाई कशाला, जरा सावकाश कर, दमशील. त्या माणसाने वर बघितलं आणि सांगितलं की ज्याने हे केलं नाही त्याला कळायचं नाही, इथे चार तासांच्या वर राहिलं तर माणूस आंधळा होईल. रामाझ्झिनीने त्याचे डोळे पाहिले, तर लाल, अंधुक झालेले. म्हणजे बघा, पंप नाही, नळी नाही, पीपीएम हा शब्दही जन्माला यायचाय, आणि हौदातला माणूस स्वतःची मर्यादा तासांत सांगतोय. तीव्रता किती आणि वेळ किती, हा जो आमच्या सगळ्या धंद्याचा पाया आहे, तो त्याला डोळ्यांच्या आगीवरून ठाऊक होता. रामाझ्झिनीचं मोठेपण काय, तर त्याने थांबून ऐकलं आणि लिहून ठेवलं.

आपल्याकडे आता आकडे इतके आहेत की ऐकायचं राहून जातं. आणि गंमत म्हणजे आकडेही तेच सांगतात जे ऑपरेटर सांगतो. हान्स क्रोमहाउट आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये वेगवेगळ्या उद्योगांतली जवळजवळ २०,००० मोजमापं एकत्र करून पाहिली, १६५ गट होते, एकाच ठिकाणी एकाच नावाचं काम करणाऱ्यांचे. अपेक्षा अशी की सारखं काम तर सारखी हवा. निघालं असं की जेमतेम एक चतुर्थांश गटांत माणसामाणसांतला फरक दुपटीच्या आत होता आणि सुमारे ३० टक्के गटांत तो दहापटीच्याही पुढे. हा झाला माणसामाणसांतला फरक, एकाच माणसाचा रोजचा चढउतार त्याच्यावर वेगळा. एक जण वाऱ्याच्या दिशेने उभा राहतो, एक जण उंचीने कमी म्हणून त्याचं तोंड मॅनहोलच्या जास्त जवळ, एकाला झाकण लगेच लावायची सवय, दुसरा म्हणतो परत उघडायचंच आहे. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर शहाणी माणसं विसंबत नाहीत. युरोपचं ईएन ६८९ हे स्टँडर्ड आहे, २०१८ ची आवृत्ती, त्यात म्हटलंय की नुसत्या ३ मोजमापांवर निर्वाळा द्यायचा असेल तर तिन्ही मर्यादेच्या एक दशांशाच्या खाली पाहिजेत. मर्यादेच्या खाली नव्हे, एक दशांशाच्या खाली! ज्याने हे लिहिलं त्याला नक्की कुणीतरी 'काल यायला पाहिजे होतं' म्हणालं असणार.

आणि वाईट दिवस हा नुसता त्रासाचा दिवस असतो असंही नाही. व्हिनाइल क्लोराइडचं, म्हणजे ज्या वायूपासून पीव्हीसी प्लास्टिक बनतं त्याचं, उदाहरण या क्षेत्रातल्या सगळ्यांना पाठ असतं. पीव्हीसी बनवायच्या रिअ‍ॅक्टरच्या आतल्या भिंतींना पॉलिमरचा थर चिकटतो, तो काढायला कामगार आत उतरायचे आणि हाताने खरवडायचे. तेव्हा तो वायू फार घातक मानला जात नव्हता, अमेरिकेत मर्यादा होती ५०० पीपीएम. जानेवारी १९७४ मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलच्या एका कारखान्यातून बातमी आली की तिथल्या कामगारांमध्ये यकृताचा अँजिओसार्कोमा निघालाय, इतका दुर्मीळ कॅन्सर की एका डॉक्टरला आयुष्यात एकही केस दिसू नये, आणि इथे एका प्लांटमध्ये अनेक. त्याच वर्षी ५०० ची मर्यादा १ वर आणायचा नियम झाला. ५०० चा १! मला नेहमी वाटतं, त्या आधीच्या वर्षांत कुणी तिथे हवा मोजली असेल तर रिपोर्टमध्ये काय लिहिलं असेल? 'मर्यादेत'. आणि ते अगदी नियमाला धरून असणार.

कामगार पंपाशी खेळतात, हेही सांगायला हवं, नाहीतर चित्र फार सोज्ज्वळ व्हायचं. कुणी पंप लॉकरमध्ये ठेवून देतो, वजन होतं, ट्यूब अडकते, आणि संध्याकाळी तसाच कोरा करकरीत परत आणून देतो. कुणी उलट करतो, नळी काढून उघड्या ड्रमवर धरतो थोडा वेळ. ते लगेच ओळखू येतं, आकडा असा येतो की तेवढ्या हवेत माणूस उभा राहणं शक्य नाही. सॅम्पल फेकून द्यावं लागतं, मेहनत वाया, चिडचिड होते. लॉकरवाल्याचं मला काही वाटत नाही, पण ड्रमवाल्याचा विचार करत राहते मी. त्याला आकडा फुगवायची हौस नसते. त्याला माहीत असतं की साधेपणाने मोजलं तर ११ येणार आहे.

वासाचं तर वेगळंच प्रकरण. सकाळी प्लांटमध्ये शिरलं की टोल्युइनचा वास नाकात घुसतो, थिनरचा असतो तोच, आणि अर्ध्या तासात येईनासा होतो. हवा तीच असते, नाक दमतं. आत काम करणारे म्हणतात, "आज काही वास नाही," आणि बाहेरून आलेला नाकावर रुमाल धरतो. टोल्युइन निदान सुरुवातीला तरी सांगून येतं. बेंझीनचा गोडसर वास जाणवेपर्यंत आजच्या मर्यादा कधीच ओलांडलेल्या असतात. हायड्रोजन सल्फाइड थोडं असताना असह्य घाण येते आणि १०० पीपीएमच्या आसपास ते वास घ्यायची शक्तीच बधिर करतं, म्हणजे जास्त झालं की वास गेला, आणि माणसाला वाटतं गॅस गेला. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. त्यामुळे "आम्हाला कळतं की" असं कुणी म्हणालं तर मी वाद घालते. कामाचा दिवस कुठला वाईट हे त्यांना माझ्याहून शंभरपट चांगलं कळतं, पण हवेत किती आहे हे नाकाला विचारू नये. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि या दोन वाक्यांच्या मध्ये उभं राहून काम करायचं असतं.

आणि जे हवेतून जातच नाही त्याचं काय? पंप काढून घेतल्यावर लोक हात धुवायला जातात, आणि कित्येक ठिकाणी ऑइलचे, रंगाचे डाग निघावेत म्हणून कापडावर सॉल्व्हंट घेऊनच हात पुसतात. कॉलरवरच्या नळीला त्याचा पत्ताही लागत नाही. अ‍ॅनिलीन, डायमिथाइल फॉर्मामाइड अशी रसायनं कातडीतून आरामात आत जातात, ग्लोव्ह्ज आतून ओले झाले असतील तर मग विचारायलाच नको, ती वाफ तिथेच कोंडून राहते. यासाठी शिफ्टच्या शेवटी लघवी तपासायची पद्धत आहे, शरीरात गेलेलं रसायन कुठल्या रूपात बाहेर पडतं ते मोजायचं. ते मोजलं की कळतं नाकातून, हातातून, सगळ्या वाटांनी मिळून किती गेलं. पण बाटली पुढे केली की चेहरे बदलतात. "यात अजून काय काय दिसतं?" हा प्रश्न हमखास येतो, आणि रास्त आहे तो. हवेचा आकडा प्लांटचा असतो, लघवीतला आकडा माणसाचा होतो, आणि तो वापरून उद्या आपल्यालाच अनफिट ठरवतील ही भीती काही उगाच नसते. मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकलेय. चांगलं मोजावं असं वाटतं, आणि ते चांगलं मोजलेलं कुणाच्या हाती जाणार याचा भरवसाही वाटत नाही.

असो.

रिपोर्ट येतो तेव्हा काय होतं? अमेरिकेत बेंझीनच्या नियमात सरळ लिहिलंय की निकाल हाती आल्यापासून १५ कामाच्या दिवसांत तो कामगाराला लेखी कळवायचा. किती साधी गोष्ट आहे. पण मी जिथे जिथे फिरले तिथे बहुतेक वेळा रिपोर्ट फाईलला लागतो, फार तर नोटीस बोर्डवर एक तक्ता, त्यात नावाऐवजी कोड आणि शेवटच्या रकान्यात सगळ्यांना 'मर्यादेत'. मी स्वतः जाऊन सांगते, जमेल तसं. मग पुढचा प्रश्न येतो, "११ म्हणजे चांगलं की वाईट?" आता काय सांगू? टोल्युइनची ओशाची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थेची, कायदेशीर मर्यादा २०० पीपीएम आहे, आणि एसीजीआयएच या तज्ज्ञांच्या संस्थेने सुचवलेली २०. म्हणजे ५० आलं असतं तर तोच माणूस, तीच हवा, एका यादीत पास आणि दुसऱ्या यादीत नापास. बेंझीनची कहाणी तर आणखी चमत्कारिक. याच संस्थेच्या १९४६ च्या यादीत बेंझीन १०० पीपीएमला चालत होतं. मग उतरत उतरत २५, १०, १९९७ मध्ये ०.५, आणि २०२४ मध्ये ०.०२. ओशाने १ पीपीएम करायचा नियम १९७८ मध्ये आणला तर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९८० मध्ये कोर्टाने तो रद्द केला आणि शेवटी १९८७ मध्ये तो १ झाला. या सगळ्या काळात बेंझीन तेच होतं आणि ते जिच्यावर घाव घालतं ती माणसाची अस्थिमज्जाही तीच होती.

आणि एसीजीआयएचच्या त्या यादीतच अगदी स्पष्ट सांगितलेलं असतं की ही सुरक्षित आणि धोकादायक यांच्यामधली रेघ नाही, रोज एवढ्या हवेत काम केलं तरी 'जवळपास सर्व' कामगारांना त्रास होऊ नये असा हा अंदाज आहे. हे मी एकाला समजावून सांगितलं तर त्याने शांतपणे विचारलं, "मग जवळपासमध्ये मी येतो की नाही?" याचं उत्तर कुठल्याच लॅबकडे नाही. मी त्याला तसंच सांगितलं. तो म्हणाला, बरं.

अलीकडे मी पीआयडी बरोबर नेते, हातात मावणारं यंत्र, वाफ आली की लगेच आकडा दाखवतं. कुठली वाफ ते त्याला ओळखता येत नाही, त्यामुळे नळीची जागा ते घेत नाही, पण क्षणाक्षणाचं दिसतं. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात कामाचा व्हिडिओ आणि हा आकडा एकत्र दाखवायची पिमेक्स नावाची पद्धत काढली होती, आपण वाकलो की रेघ कशी उसळते हे कामगाराला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून. माझ्याकडे तेवढा सरंजाम नव्हता. मी त्या फिल्टर उघडणाऱ्या ऑपरेटरच्या खांद्याला यंत्र लावलं आणि डिस्प्ले त्याला दिसेल असा वळवला. या वेळी फिल्टर उघडायच्याच दिवशी गेले होते, त्याच्याकडून तारीख घेऊन. झाकण उघडलं, आकडा चढला. फावडं आत गेलं, आणखी चढला. त्याने मान मागे घेतली, उतरला. मग त्याने स्वतःच प्रयोग सुरू केले. उजवीकडे उभा राहिला, डावीकडे, ड्रम थोडा सरकवला, झाकण पूर्ण न उघडता तिरकं टेकवून बघितलं, आणि दर वेळी माझ्याकडे न बघता आधी आकड्याकडे बघायचा. शेजारचा हेल्परही येऊन वाकून बघायला लागला, त्याला म्हटलं बाबा तू तरी लांब हो. दहा-पंधरा मिनिटांत त्या दोघांना त्या मॅनहोलबद्दल जे कळलं ते मी रिपोर्टची चार पानं लिहून सांगू शकले नसते.

सुपरवायझरने हे सगळं बघितलं आणि लगेच वहीत टिपलं: 'कामगारांना वाकून काम न करण्याचे प्रशिक्षण देणे.' मी म्हटलं, वाकल्याशिवाय केक निघतो का? तो म्हणाला, नाही, पण तुमच्या यंत्रानेच दाखवलं ना. इथे मला जरा घाम फुटला, कारण त्याचं बरोबर होतं, यंत्राने दाखवलंच होतं. ज्या आकड्याने माणसाला स्वतःची हवा दिसली त्याच आकड्याने उद्या त्याला मेमो मिळू शकतो की तू मान आत का घातलीस. म्हणून रिपोर्टमध्ये मी क्रम मुद्दाम ठळक केला: आधी केक बंद पद्धतीने काढायची सोय बघा, ते होत नसेल तर मॅनहोलच्या कडेला एक्झॉस्टचा हूड लावा, मास्क त्यानंतर, आणि प्रशिक्षण या सगळ्यांच्या जोडीला. माणसाच्या मानेचा उल्लेख कुठेही केला नाही.

त्या दिवशीच्या नळ्यांचा निकाल आला. फिल्टर उघडताना लावलेली पंधरा मिनिटांची नळी आधीच्या पूर्ण शिफ्टच्या सरासरीच्या कितीतरी वर होती आणि तिच्या मागच्या भागातही वाफ पोचलेली होती. मी रिपोर्ट पाठवला. उत्तर आलं की हूडचा खर्च मोठा आहे, फक्त एका दिवसाच्या रीडिंगवर असा निर्णय घेणं योग्य होईल का? याआधीच्या रिपोर्टमध्ये, एका दिवसाच्याच रीडिंगवर, सगळ्यांपुढे 'मर्यादेत' लिहून ती फाईल बंद केली होती, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मी दोन्ही रिपोर्ट एकाच मेलला जोडले आणि लिहिलं की अजून दिवस द्या, आनंदाने मोजते, फक्त तारखा ऑपरेटर ठरवतील. मेल वाचलेलं दिसतंय. उत्तर अजून नाही.